वाट विचारत गेलेला माणूस

१८२० च्या सुमाराचे अमेरिकेचे नकाशे उघडले, तर मिसिसिपीच्या पूर्वेला गावे, रस्ते आणि सीमारेषा यांची दाटी दिसते. रॉकी पर्वत ओलांडून नजर पश्चिमेकडे गेली की कागद मोकळा होत जातो. उत्तरेला मिसुरी आणि कोलंबिया या नद्यांची रेघ आहे. ती लुईस आणि क्लार्क यांच्या १८०४ ते १८०६ च्या मोहिमेने आखून दिलेली. दक्षिणेला स्पॅनिश पाद्र्यांच्या वाटांची तुटक माहिती आहे. मधला सगळा मुलूख नकाशे काढणाऱ्यांनी अंदाजाने भरला होता. त्यांतला एक अंदाज सगळ्यांचा लाडका होता. रॉकी पर्वतात उगम पावून थेट प्रशांत महासागराला मिळणारी ‘ब्वेनाव्हेंतुरा’ नावाची मोठी नदी त्या मोकळ्या जागेत वाहत होती. होड्या घालून अर्धे खंड पार करता येईल, मग व्यापाराला सीमाच राहणार नाही, असा त्यामागचा हिशेब होता.

अशी नदी नव्हती. ती असती तर जिथून वाहिली असती त्या वाळवंटातून १८२७ च्या उन्हाळ्यात तीन तहानलेली माणसे आणि मरायला टेकलेली काही जनावरे चालत आली. त्या तिघांच्या म्होरक्याचे नाव जेडेडाया स्मिथ. वय अठ्ठावीस. प्रस्तुत चरित्र त्याचे आहे.

स्मिथच्या नावावर जमा असलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे. अमेरिकेच्या हद्दीतून निघून खुष्कीच्या मार्गाने कॅलिफोर्नियात पोहोचलेला पहिला ज्ञात अमेरिकन नागरिक तो. सिएरा नेवाडाची बर्फाळ रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडणारा आणि नेवाडाचे खोरे आडवे कापणारा पहिला गोरा माणूस तो. कॅलिफोर्नियातून ऑरेगनपर्यंत जमिनीवरून गेलेली पहिली अमेरिकन तुकडी त्याची. हे सगळे त्याने नऊ वर्षांत उरकले आणि बत्तिसाव्या वर्षी तो मारला गेला. एवढे असूनही लुईस आणि क्लार्क यांची नावे शाळेतल्या पोरांना पाठ आणि स्मिथ मात्र शंभर वर्षे जवळजवळ विस्मरणात, असे का झाले, हा चरित्रकाराला पडणारा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. ज्या मुलखात हजारो वर्षे माणसे राहत होती, ज्यांच्या वाटा, पाणवठे आणि बाजार ठरलेले होते, तिथे एखादा परका ‘पहिला’ पोहोचतो म्हणजे नेमके काय घडते? माझ्या मते या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्मिथच्या आयुष्यात जितके स्वच्छ दिसते तितके त्याच्या काळातल्या दुसऱ्या कुणाच्याही आयुष्यात दिसत नाही. स्मिथ वाट विचारत गेला. जिथे त्याला वाट सांगितली गेली तिथे तो पोहोचला, आणि जिथे सांगणाऱ्यांशी त्याचे नाते बिघडले तिथे त्याची माणसे मेली.

या भटकंतीमागे राजाज्ञा नव्हती, विज्ञानसंस्था नव्हती, सरकारी पैसाही नव्हता. होता तो बीव्हर नावाचा प्राणी. नदीनाल्यांत लाकडांचे बांध घालून राहणाऱ्या या प्राण्याच्या आतल्या मऊ केसांना सूक्ष्म काटे असतात, त्यामुळे त्यांचा नमदा घट्ट जमतो आणि पावसात आकार सोडत नाही. युरोपातल्या प्रतिष्ठित पुरुषांच्या उंच टोप्या या नमद्याच्या होत. युरोपातले बीव्हर शिकारीने जवळजवळ संपले, तेव्हा अमेरिकेतल्या एकेका खोऱ्याचा फडशा पडत गेला आणि सापळे लावणारे पश्चिमेकडे सरकत राहिले. एक ओढा रिकामा झाला की पुढचा शोधायचा. खंडाच्या अंतर्भागाचा भूगोल अमेरिकनांना कळला तो बराचसा या गरजेपोटी. लंडन आणि न्यूयॉर्कच्या दुकानांतली फॅशन आणि रॉकी पर्वतातली गोठलेली खिंड यांचा असा थेट संबंध होता.

स्मिथचा जन्म ६ जानेवारी १७९९ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या जेरिको या गावचा. आज ते बेनब्रिज म्हणून ओळखले जाते. वडील छोटे व्यापारी. भावंडे पुष्कळ. कुटुंब आधी पेनसिल्व्हेनियात आणि मग ओहायोत सरकत गेले. लुईस-क्लार्क यांच्या मोहिमेचा वृत्तान्त १८१४ मध्ये छापून आला आणि घराण्याचे स्नेही असलेल्या एका डॉक्टरांनी तो या मुलाच्या हाती दिला, अशी कथा कुटुंबात सांगितली जाई. कथा खरी असो वा नसो, १८२२ मध्ये हा तरुण मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुईस गावी येऊन दाखल झाला होता. तिथे विल्यम ॲशली या व्यापाऱ्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: मिसुरीच्या उगमापर्यंत जाण्यासाठी शंभर धडाडीचे तरुण हवेत, नोकरी एक ते तीन वर्षांची. स्मिथने शिकारी म्हणून नाव नोंदवले.

पुढच्याच वर्षी त्याला या धंद्याची किंमत कळली. जून १८२३ मध्ये अरिकारा लोकांनी नदीकाठी ॲशलीच्या तुकडीवर हल्ला केला, त्यात डझनाहून अधिक माणसे पडली. नदीचा मार्ग बंद झाला म्हणून ॲशलीने माणसे घोड्यांवर घालून जमिनीवरून पश्चिमेकडे पाठवली, आणि त्यातली एक तुकडी स्मिथच्या हाती दिली. ज्या हंगामात ह्यू ग्लासला अस्वलाने फाडले आणि साथीदार त्याला टाकून गेले, तोच हा हंगाम. ‘द रेव्हनंट’ या चित्रपटामुळे ग्लासची गोष्ट आज जगभर ठाऊक आहे. तो आणि स्मिथ दोघे ॲशलीच्याच पदरी होते.

गंमत अशी की त्याच शरद ऋतूत स्मिथलाही ग्रिझली अस्वलाने गाठले. त्याचे डोके अस्वलाच्या जबड्यात गेले, बरगड्या मोडल्या, टाळू सोलून निघाली आणि एक कान लोंबू लागला. भोवतालची माणसे गोंधळून उभी होती, तेव्हा जखमी स्मिथनेच कुणाला पाण्यासाठी पाठवायचे आणि सुईदोरा कुणी घ्यायचा ते सांगितले. जिम क्लायमन या साथीदाराने जमेल तसे टाके घातले. कान काही जुळणार नाही, असे तो म्हणाला तेव्हा कसेही करून जोडायलाच हवा, असा स्मिथने हट्ट धरला. क्लायमनने अनेक वर्षांनी लिहून ठेवलेला हा प्रसंग स्मिथच्या स्वभावाची किल्ली आहे. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत, फक्त पुढचे काम. दोनेक आठवड्यांत तो पुन्हा घोड्यावर होता. त्यानंतर मात्र व्रण झाकण्यासाठी तो केस लांब ठेवू लागला.

तो हिवाळा या तुकडीने विंड नदीच्या खोऱ्यात क्रो लोकांच्या शेजारात काढला. वर्षाच्या सुरुवातीला उत्तरेकडच्या खिंडीतून पलीकडे जाण्याचा त्यांचा प्रयत्न बर्फाने हाणून पाडला. मग त्यांनी क्रो लोकांना विचारले. क्लायमनच्या आठवणीप्रमाणे बायसनचे कातडे अंथरले गेले, त्यावर वाळूचे ढीग रचून डोंगर मांडले गेले आणि दक्षिणेकडून वळसा घालून जाणारी वाट समजावून घेतली गेली. मार्च १८२४ मध्ये ही माणसे त्या वाटेने गेली. चढ इतका सौम्य आणि माळ इतका रुंद होता की आपण खंडाचा कणा ओलांडला हे पलीकडे वाहणारे पाणी पाहूनच कळावे. हीच साउथ पास. १८१२ मध्ये रॉबर्ट स्टुअर्ट उलट दिशेने इथून गेला होता, पण ती बातमी धंद्याच्या स्पर्धेत दडून विरून गेली. १८२४ नंतर ती दडली नाही. पुढच्या चार दशकांत ऑरेगन, कॅलिफोर्निया आणि यूटाकडे निघालेल्या लाखो माणसांच्या गाड्या याच माळावरून गेल्या. वाळूच्या ढिगांतून वाट दाखवणाऱ्या त्या क्रो माणसांची नावे मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

१८२५ पासून ॲशलीने नवी पद्धत सुरू केली. किल्ले बांधण्याऐवजी दर उन्हाळ्यात ठरलेल्या खोऱ्यात मेळावा भरवायचा, सेंट लुईसहून खेचरांवर दारूगोळा, कॉफी, साखर आणि दारू आणायची आणि परत जाताना कातडी न्यायची. १८२६ च्या मेळाव्यात स्मिथ, डेव्हिड जॅक्सन आणि विल्यम सब्लेट या तिघांनी ॲशलीकडून हा धंदाच विकत घेतला. भागीदारांत जणू कामाची वाटणी झाली: इतरांनी माहीत असलेल्या नद्यांवर सापळे लावायचे आणि स्मिथने माहीत नसलेल्या नद्या शोधायच्या.

त्या ऑगस्टमध्ये स्मिथ ग्रेट सॉल्ट लेकच्या परिसरातून नैर्ऋत्येला निघाला. बीव्हर मिळेनात, घोडे मरू लागले. कोलोरॅडो नदीकाठच्या मोहावी वस्त्यांत पोहोचला तेव्हा तुकडी उपाशी होती. मोहावींनी त्यांना मका, घेवडा, भोपळे आणि टरबुजे दिली, घोडे बदलून दिले आणि सुमारे दोन आठवडे आसरा दिला. पुढचे वाळवंट स्मिथने पार केले ते दोन आदिवासी वाटाड्यांच्या मागे. ही वाट नवी नव्हतीच. मोहावी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावरचे शिंपले याच पाणवठ्यांवरून आणत. १७७६ मध्ये फ्रान्सिस्को गार्सेस हा फ्रान्सिस्कन पाद्रीही मोहावींच्या सोबतीने इथूनच गेला होता. नोव्हेंबर १८२६ च्या अखेरीस स्मिथची फाटकी तुकडी लॉस एंजेलिसजवळच्या सान गाब्रिएल मिशनच्या दारात उभी राहिली. ते दोघे वाटाडे मुळात मिशनमधून पळून गेलेले होते. त्यांना तिथे कैदेत टाकण्यात आले. स्मिथच्या सगळ्यात गाजलेल्या ‘पहिलेपणा’ची किंमत त्या दोघांनी अशी मोजली.

मिशनमधल्या दिवसांची माहिती मिळते ती स्मिथचा कारकून हॅरिसन रॉजर्स याच्या रोजनिशीतून. ती मुळातून वाचण्याजोगी आहे. पाद्री होसे बेर्नार्दो सांचेझ याने या परधर्मी पाहुण्यांना जेवू घातले, कपडे दिले, मद्य पाजले. रॉजर्स कट्टर प्रॉटेस्टंट होता, तरी या म्हाताऱ्या पाद्र्याच्या दिलदारपणापुढे तो विरघळला. त्याच रोजनिशीत आदिवासी मजुरांना पडणारे फटके आहेत. रात्री संत्र्यांच्या बागेत शिरणाऱ्या आदिवासींना पकडण्यासाठी पाद्र्याने स्मिथच्या माणसांकडून अस्वलाचा मोठा सापळा घडवून घेतला, हीही नोंद आहे. माया आणि जुलूम एकाच हातातून वाहत होते आणि रॉजर्सने दोन्ही सारख्याच शांतपणे टिपले.

कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिकोच्या ताब्यात होता. सान दिएगोत बसलेला गव्हर्नर होसे मारिया एचेआंदिया याला हे सापळेवाले हेर वाटले. अमेरिकन जहाजांच्या कप्तानांनी स्मिथसाठी शब्द टाकला तेव्हा आल्या वाटेने परत जाण्याच्या अटीवर त्याची सुटका झाली. स्मिथने ती अट स्वतःच्या सोयीने वाचली. किनारपट्टीची वस्ती सोडली की आपण गव्हर्नरच्या मुलखाबाहेर पडलो असे ठरवून तो उत्तरेला सान होआकिनच्या खोऱ्यात शिरला. तिथे बीव्हर मुबलक होते. चरित्रनायक धर्मशील आणि शब्दाचा पक्का होता असे त्याचे भक्त लिहितात. त्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावे.

मे १८२७ मध्ये बहुतेक माणसांना स्टॅनिस्लॉस नदीकाठी ठेवून, सायलस गोबेल आणि रॉबर्ट एव्हन्स या दोघांना घेऊन, सात घोडे आणि दोन खेचरांसह स्मिथ सिएरा नेवाडावर चढला. आठ दिवसांत रांग पार झाली. पुढे आजच्या नेवाडा राज्याची रुंदी होती. दिवसा वाळू उकरून ओलाव्यात अंग पुरून घ्यायचे, गार झाले की उठून चालायचे, मेलेल्या घोड्याचे मांस वाळवून खायचे. जूनच्या अखेरीस एव्हन्सने हाय खाल्ली. त्याला एका खुरट्या झाडाच्या सावलीत सोडून दोघे पुढे गेले आणि सुमारे तीन मैलांवर डोंगराच्या पायथ्याशी त्यांना झरा सापडला. स्मिथ किटलीत चार-साडेचार लिटर पाणी घेऊन उलटा आला. एव्हन्सने ते सगळे एका दमात संपवले आणि आणखी का आणले नाही, असे विचारले. ३ जुलैला तिघे बेअर लेकच्या मेळाव्यात पोहोचले. नऊ जनावरांतली दोन उरली होती. मेलेच असतील असे धरून चाललेल्या मित्रांनी छोट्या तोफेचा बार काढून स्वागत केले. स्मिथने लगेच सेंट लुईसला प्रवासाचा वृत्तान्त लिहून पाठवला, आणि तो ज्याच्या नावे होता तो अधिकारी म्हणजे मोहिमेतला तोच विल्यम क्लार्क.

दहा दिवसांनी स्मिथ पुन्हा त्याच वाटेने निघाला, कारण मागे ठेवलेली माणसे त्याची वाट पाहत होती. इथून कथेचा रंग बदलतो. मोहावींनी या खेपेलाही स्वागत केले, व्यापार केला, आणि तुकडी नदी पार करत असताना अर्धी माणसे इकडे, अर्धी तिकडे अशा क्षणी हल्ला चढवला. दहा जण मारले गेले. सिएरा आणि वाळवंट पार केलेला गोबेल त्यांतला एक. स्मिथच्या ध्यानात न आलेली गोष्ट अशी की मधल्या काळात सापळेवाल्यांच्या दुसऱ्या एका टोळीचे मोहावींशी रक्त सांडेपर्यंत भांडण झाले होते. गोऱ्यांच्या लेखी त्या दोन वेगळ्या कंपन्या होत्या. नदीकाठून पाहणाऱ्याला त्या एकच दिसल्या.

उरलेल्यांसह स्मिथ कॅलिफोर्नियात पोहोचला, पुन्हा कैद झाला, पुन्हा हमीवर सुटला आणि कातडी विकून आलेल्या पैशांत शेकडो घोडे घेऊन उत्तरेला निघाला. ऑरेगनच्या किनाऱ्यावर अम्पक्वा नदीजवळ कुऱ्हाड चोरल्याच्या संशयावरून त्याच्या माणसांनी एका स्थानिक प्रमुखाला दोराने बांधले. कुऱ्हाड सापडली, अपमान राहिला. १४ जुलै १८२८ ला स्मिथ पुढची वाट पाहायला गेला असताना तळावर हल्ला झाला. एकोणीस जणांतले पंधरा मेले. त्यांत रॉजर्सही होता. क्रो लोकांच्या वाळूच्या नकाशापुढे बसून शिकणाऱ्या माणसाच्या तुकडीने एका कुऱ्हाडीसाठी हे ओढवून घेतले.

वाचलेले चौघे कोलंबिया नदीवरच्या फोर्ट व्हँकूव्हरला पोहोचले. हा हडसन्स बे कंपनीचा, म्हणजे प्रतिस्पर्धी ब्रिटिशांचा किल्ला. अमेरिकनांनी पुढे सरकू नये म्हणून मधल्या मुलखातले बीव्हर मुद्दाम संपवण्याचे या कंपनीचे धोरण होते. तरीही तिथला प्रमुख डॉ. जॉन मॅक्लॉफलिन याने माणसे पाठवून लुटलेली कातडी आणि घोडे बरेचसे परत मिळवून दिले आणि कातड्यांचे पैसेही मोजले. स्मिथने उपकार मानले. १८३० मध्ये भागीदारांसह युद्धमंत्र्यांना पाठवलेल्या पत्रात त्याने किल्ल्याची शेती, गुरे आणि बळ यांचे तपशीलही नीट कळवले. त्याच पत्रात आणखी एक बातमी होती: त्या वर्षी त्यांनी गाड्या थेट रॉकी पर्वतापर्यंत नेल्या होत्या, सोबत एक दुभती गायही चालत गेली होती, आणि साउथ पास ओलांडणेही गाड्यांना अवघड नव्हते. पश्चिमेकडच्या स्थलांतराचे खरे निमंत्रण या गाईच्या उल्लेखात आहे. गाय चालू शकते तिथे बायकापोरे जाऊ शकतात, हे ऐकणाऱ्याला कळत होते.

हा माणूस स्वभावाने कसा होता? मेथडिस्ट घरातला, दारू-तंबाखूपासून दूर, बायबल वाचणारा, कमी बोलणारा. १८२९ च्या डिसेंबरात विंड नदीवरून घरी लिहिलेल्या पत्रांत आईवडिलांची काळजी आहे, त्यांच्यासाठी पाठवलेले पैसे आहेत आणि देवाला विसरल्याची खंत आहे. धंदा विकून सेंट लुईसला आल्यावर याच माणसाने घर घेतले आणि दोन गुलामही विकत घेतले. त्याच्या धर्मभावनेला त्यात काही वावगे दिसले नाही. हे झाकून ठेवणे वाचकावर अन्याय ठरेल.

मे १८३१ मध्ये सांता फेच्या व्यापारी वाटेवर सिमरॉन नदीच्या कोरड्या पट्ट्यात त्याच्या काफिल्याचे पाणी संपले. पाणी शोधायला स्मिथ एकटाच पुढे गेला आणि कोमांची योद्ध्यांच्या हाती सापडला. त्याची बंदूक आणि पिस्तुले पुढे सांता फेच्या बाजारात विकायला आली, तेव्हा सोबत्यांना तो कसा मेला ते कळले. देह कधीच मिळाला नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. स्मिथ विसरला गेला, कारण त्याचे कागद हरवले. मृत्यूपूर्वी काही महिने तो सॅम्युएल पार्कमन या मदतनिसाकडून रोजनिशी उतरवून घेत होता. पुस्तक आणि नकाशा दोन्ही छापायचा बेत होता. तो मेला आणि बेत राहिला. १८३६ मध्ये आल्बर्ट गॅलाटिनच्या आणि १८३९ मध्ये डेव्हिड बरच्या नकाशात त्याची माहिती आली, पण लोकांच्या मनात मानकरी ठरला जॉन फ्रेमाँट, कारण त्याचे अहवाल सरकारने छापले. १९३४ मध्ये मॉरिस सुलिव्हन यांनी स्मिथच्या रोजनिशीचा सापडलेला भाग प्रसिद्ध केला. १९५३ मध्ये डेल मॉर्गन यांचे मोठे चरित्र आले. त्याच सुमारास फ्रेमाँटच्या १८४५ च्या नकाशाची एक प्रत उजेडात आली. जॉर्ज गिब्ज या गृहस्थाने स्मिथच्या हरवलेल्या नकाशावरची माहिती तिच्यावर हाताने उतरवून ठेवली होती. १९६७ मध्ये पहिल्या कॅलिफोर्निया प्रवासाची रोजनिशी मिळाली आणि १९७७ मध्ये छापली गेली. मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी हा माणूस स्वतःच्या शब्दांत बोलू लागला.

वाचकाने हे चरित्र नकाशा शेजारी ठेवून वाचावे, आणि प्रत्येक टप्प्यावर स्मिथला इथवर कुणी आणले, हे विचारावे. असे वाचले की त्याचे मोठेपण कमी होत नाही, नीट दिसू लागते. क्रो लोकांना आपली खिंड ठाऊक होती, मोहावींना आपले पाणवठे ठाऊक होते, मिशनच्या पाद्र्यांना आपला किनारा ठाऊक होता. पण हे सगळे तुकडे एका पायपिटीत जोडून, त्यांची एक सलग वाट कागदावर मांडणारा त्याच्याआधी कुणी नव्हता. या जोडण्याचा फायदा ज्यांना झाला ते गाड्यांमागून आले, आणि ज्यांनी तुकडे दिले त्यांच्या हातून जमीन गेली. स्मिथने हा परिणाम इच्छिला होता असे म्हणता येत नाही. पण त्याला तो दिसलाच नव्हता, असेही युद्धमंत्र्यांना लिहिलेले ते पत्र वाचल्यावर म्हणवत नाही.